लाल शाईत आलेली उत्तरं

काळेवाडी,
२६ जून १९७८

ती. अप्पांस,

नमस्कार. साष्टांग घालणार नाही. कंबर सध्या ताठ ठेवायची आहे.

माझ्या चित्राचं नाव शाळेच्या पटावरून काढलं. तुमच्या मनासारखं झालं. शालनबाईंनी मला आज ऑफिसात बोलावून, खुर्ची देऊन, चहा मागवून ही बातमी सांगितली. तुमची विद्यार्थिनी शोभते हो! मुख्याध्यापिका झाली तरी तुमचं नाव निघालं की अजून हात बांधून उभी राहिल्यासारखी बोलते. म्हणाली, "गुरुजींनी स्वतः लिहिलंय की मुलगी मंदबुद्धी आहे, पुन्हा चौथीत बसवून जागा अडवू नका. आता त्यांच्या शब्दापुढे मी काय बोलणार?" मी म्हटलं, ते माझे वडील आहेत आणि मी त्यांच्या शब्दापुढे बोलतेय. तुम्हीही बोलून बघा, जीभ झडत नाही. चहा तसाच ठेवून उठले.

जुन्नरला चुलतभावाच्या श्यामच्या मुंजीत जे केलंत ते कमी पडलं का? चार गावचे पाहुणे मांडवात बसलेले. तुम्ही स्वतः रचून छापून आणलेलं आशीर्वादपद्य चित्राच्या हातात दिलंत आणि म्हणालात, वाच मोठ्याने. पहिला शब्द तिने वाचला. दुसरा अर्धा वाचला. मग नुसता कागद हलत राहिला, आणि मुलं हसली, आणि मग मोठी माणसंही. तुम्ही तिच्या हातातला कागद काढून घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "हिला शाळेत पाठवून बापाचं पायताण झिजवू नका. भाकरी थापायला शिकवा." तेव्हापासून घरात कुणी वर्तमानपत्र उघडलं तरी ती उठून मोरीत जाऊन बसते. हो, नाही, भूक नाही, एवढंच बोलते.

आता तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट ऐका. आदल्या दिवशी तुम्ही ओट्यावर बसून तेच पद्य कुणालातरी म्हणून दाखवत होतात ना? परतीच्या एस.टी.त खिडकीबाहेर बघत तिने ते सगळंच्या सगळं म्हटलं, हळू आवाजात, स्वतःशीच. नारायणगाव येईपर्यंत. एक शब्द गाळला नाही. कागद बाजूला ठेवून तुम्ही तिला नुसतं "म्हण" म्हणाला असतात, तर त्या मांडवाने तिचं कौतुक केलं असतं. मंदबुद्धी अशी असते?

शालनबाईंना पत्र टाका आणि तुमचा शब्द मागे घ्या. ही विनंती नाही.

पद्मा


काळेवाडी,
१९ जुलै १९७८

ती. अप्पांस,

माझं पत्र परत मिळालं. नेहमीसारखं तुमच्या लाल शाईने नटून. दोन वेलांट्या, एक उकार, "वाक्य अपूर्ण", आणि तळाशी "अक्षर बिघडले आहे. दहापैकी सहा". पोरीचं नाव शाळेतून कापलं गेलं त्यावर एक अक्षर नाही.

लग्न झाल्यापासून माझं प्रत्येक पत्र असंच परत येतं. बाकीच्यांना माहेराहून खुशाली येते, मला शुद्धलेखन येतं. तुमचा जावई, नंदकिशोर, हसतो. म्हणतो, तुझं पत्र माहेरी जात नाही गं, तपासायला जातं. आई होती तोवर कोपऱ्यात पेन्सिलने एखादी ओळ घुसडायची, "लोणचं मुरलंय, कधी येतेस?" मला ती ओळ पुरायची. आता नुसती शाईच उरली. तुम्हाला मनापासून वाटत असावं, की हेच उत्तर. माणसाने लिहावं आणि तुम्ही तपासावं, झालं, बोलणं झालं!

तर इथली हकिगत. नाव काढलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी चित्राला गणवेश घालून शाळेत नेलं आणि चौथीच्या वर्गाच्या खिडकीखाली व्हरांड्यात सतरंजी टाकून बसले. शालनबाई आल्या. "अहो, नाव काढलंय तिचं." मी म्हटलं, "नाव काढलंय ना? राहू दे तुमच्याकडे. मुलगी माझ्याकडे आहे. व्हरांड्यात बसायला नाव लागत नाही."

त्यांनी शिपायाला पाठवलं. तो बिचारा डोकं खाजवत उभा, तेवढ्यात आमच्या शेजारच्या सोजरबाई नातवाचा डबा घेऊन आल्या. बीडकडच्या आहेत, आवाज असा की पवनेच्या पलीकडे ऐकू जावा. "का वो दादा, लेकरू चोरी करायलंय का? ऐकायलंय नव्हं भिताडाच्या आडून? मंग ऐकू द्या की! कानाला बी पट लागतो व्हय?" शिपाई गेला तो आजतागायत आलेला नाही.

आता रोजचं झालंय. आत बाई शिकवतात, बाहेर चित्रा ऐकते. नंदकिशोरची सेकंड शिफ्ट असली की सकाळी तो बसतो सतरंजीवर, म्हणजे मला स्वयंपाक उरकता येतो. कंपनीतले लोक त्याला चिडवतात, "काय राव, चौथीत नापास झालात काय?" तो म्हणतो, हो, पुन्हा बसलोय. संध्याकाळी चित्रा मला इतिहासाचा धडा सांगते तो असा की जणू त्या लढाईला ही स्वतः गेली होती. कोण कुठल्या दरवाजाने घुसलं, घोडी कुठे बांधली, सगळं. आणि हो, ती बोलायला लागली आहे. व्हरांड्यात बसून का होईना.

शालनबाईंना तुमचं पत्र अजून आलेलं नाही. मी रोज विचारते.

पद्मा


काळेवाडी,
१४ ऑक्टोबर १९७८

ती. अप्पांस,

तेही पत्र परत आलं. "भिताड" या शब्दाखाली रेघ आणि समासात "ग्राम्य". सोजरबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हाताऱ्याला म्हणावं, तुमच्या घराला काय चांदीची भिंत हाय का?"

चित्राला पुण्याला एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. विलायतेत शिकून आलेल्या, मुलांचंच बघतात. त्यांनी तिच्याकडून गोष्ट सांगून घेतली, ठोकळे जुळवून घेतले, तोंडी हिशेब घातले, चित्र काढून घेतलं आणि सगळ्यात शेवटी वाचायला दिलं. मला वाटलं होतं, सुरुवातच वाचनाने होईल आणि पोरगी टेबलाखाली शिरेल. मग म्हणाल्या, "बुद्धी उत्तम आहे हिची. ह्याला डिस्लेक्सिया म्हणतात. अक्षर दिसतं, पण दिसलेल्या अक्षराचा आवाज तुम्हाआम्हाला आपोआप ऐकू येतो तसा हिला येत नाही. दर वेळी शोधत जावं लागतं. आळस नाही, हट्ट नाही." औषध नाही म्हणाल्या. शिकवायची रीत बदला. कानाने शिकवा, हाताने शिकवा, थोडं थोडं शिकवा. चारचौघांत वाचायला उभं करू नका. परीक्षा तोंडी घ्या, नाहीतर वेळ जास्त द्या. मी विचारलं, मारून फरक पडतो का? तर म्हणाल्या, पडतो, मूल खोटं बोलायला शिकतं.

मला त्या दवाखान्याच्या जिन्यावर बसून रडावंसं वाटलं, आनंदाने. माझ्या पोरीच्या दुखण्याला नाव आहे, आणि ते नाव "मठ्ठ" नाही.

आमची शाळा आता घरात भरते. पोस्टकार्डाला मधोमध एका ओळीएवढी फट कापली आहे. ते पुस्तकावर ठेवलं की एकच ओळ दिसते, बाकीच्या ओळी अंगावर येत नाहीत. आधी मी वाचते, मग दोघी मिळून, मग ती एकटी. चुकली तर मी लगेच टोकत नाही, जिभेवर ताबा ठेवते, आणि माझ्या जिभेला ते किती जड जात असेल हे तुम्ही ओळखाल. परातीत बाजरीचं पीठ पसरून ती बोटाने अक्षरं गिरवते, गिरवताना मोठ्याने आवाज काढते, आणि मग त्याच पिठाची भाकरी होते. तुम्ही म्हणालात ना, भाकरी थापायला शिकवा? शिकवतेय.

आणि लोखंडी मुळाक्षरं आहेत. आमच्या ओळखीच्या एका वेल्डरने बारीक सळया वाकवून, कडा घासून करून दिली. हातात घेऊन, डोळे मिटून चाचपायची. तो माणूस रविवारी येतो, एकेक अक्षर आणतो. आता जोडाक्षरं चालू आहेत. परवा खंडेनवमीला नंदकिशोरचे पाने आणि हातोडी पाटावर मांडली, तर चित्राने त्यांच्या शेजारी आपली अक्षरं मांडून हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याच्या पाटीला मात्र हात लावला नाही. मी बळजबरी केली नाही.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक विचारलं. घरात असं आणखी कुणाला होतं का? हे पुष्कळदा घराण्यात येतं म्हणे. मी एक नाव सांगितलं. तुमच्या घरात ते नाव घ्यायला बंदी आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

डॉक्टरांची चिठ्ठी बघून शालनबाईंनी चित्राला वर्गात घेतलंय. शेवटच्या बाकावर, बिननावाची. वार्षिक परीक्षेचं विचारलं तर म्हणाल्या, "गुरुजींनी लिहिलं तर बघू." परीक्षा नाही तर पाचवी नाही, आणि पाचवी नाही तर शाळा संपली. बारा वर्षांच्या मुलीला पुन्हा चौथीत कोण घेणार? तुमच्या चार ओळी मला हव्या आहेत. त्यात शुद्धलेखनाच्या चुका झाल्या तरी चालतील.

पद्मा


काळेवाडी,
१६ जानेवारी १९७९

ती. अप्पांस,

"डिस्लेक्सिया" खाली लाल रेघ मारून तुम्ही लिहिलंत, "मराठी प्रतिशब्द द्यावा". आम्ही दोघं पोट धरून हसलो. नंतर मला हसू येईना.

आता नीट बसा. परवा संक्रांतीला तो वेल्डर तिळगूळ घेऊन आला होता. त्याचं नाव अनंत. हो, अप्पा, तुमचा अनंत. सतराव्या वर्षी तुमची छडी मोडून, तिचे तुकडे तुमच्या टेबलावर ठेवून गेला तो. चाकणला असतो. दोन वर्षांपूर्वी कंपनीचा टेम्पो तिथे बंद पडला आणि तो जिथे जोडायला नेला तिथे नंदकिशोर सहज बोलला, की आमची सासुरवाडी जुन्नर, सासरे हेडमास्तर. तर त्या माणसाने हातातलं काम खाली ठेवलं आणि विचारलं, पद्मीला गोड लोणचं आवडतं अजून? तेव्हापासून तो आमच्याकडे येतो. तुम्हाला सांगू नकोस म्हणाला, मी सांगितलं नाही. लपवलं, आणि त्याचं मला काडीइतकं वाईट वाटत नाही.

संक्रांतीला चित्राने पुस्तक काढून त्याच्यापुढे ठेवलं. "मामा, मी वाचते. चुकले तर सांग." तो म्हणाला, "मला नाही गं सांगता येणार. मलाही येत नाही." तिने विचारलं, "मोठं झाल्यावर पण?" "मोठं झाल्यावर पण. तुझी अक्षरं मी तुझ्या आईने खडूने काढून दिली तशी वाकवतो. वाकवता येतात, वाचताना घोटाळा होतो." मग ती हसली. अप्पा, मुंजीनंतर पहिल्यांदा ती खळखळून हसली. आणि दोघं शेजारी बसून फटीच्या कार्डाने एकेक ओळ वाचायला लागले, बोटाला बोट लावून. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला.

ती खेळायला गेल्यावर मी त्याला धारेवर धरलं. म्हटलं, दादा, इतकी वर्षं एक ओळ का नाही टाकलीस? आई पोस्टमनची वाट बघत गेली.

तो म्हणाला, "टाकली होती."

पहिल्याच महिन्यात, खेडहून. एक अख्खा रविवार बसून लिहिलं म्हणाला. काम मिळालंय, जेवणाची सोय आहे, काळजी करू नका, आईला सांगा. खाली पत्ता घातला होता. "परत आलं. सगळ्या कागदावर लाल शाई, आणि खाली शून्य. मग मी म्हटलं, कळलं." त्याने हे असं सांगितलं, जसं कुणी सांगावं की गाडी चुकली.

तुम्ही आईला सांगितलंत, की त्या कृतघ्नाने एक अक्षर लिहिलं नाही. आई उंबऱ्याशी बसायची. पोस्टमन वळणावर दिसला की उठायची आणि तो पुढे गेला की हातातली भाजी पुन्हा निवडायला घ्यायची. तुम्ही ते रोज बघितलंत, आणि तुमच्याजवळ पत्ता होता. मला तुमचा इतका राग आलाय की पेन कागद फाडतंय. अक्षर आज खरंच बिघडलं असेल, मार्क कापा.

तुमचा मुलगा जिवंत होता, काम करत होता, त्याला त्याची आई आठवत होती. हे सगळं त्या कागदावर होतं, आणि तुम्हाला तेवढ्या वेलांट्या दिसल्या. मग त्या घरात वाचता कुणाला येत नव्हतं, अप्पा?

शालनबाईंना लिहायचं असेल तर लिहा, नसेल तर राहू द्या. परीक्षेच्या दिवशी चित्रा गणवेश घालून शाळेत जाईल. आत नाही घेतलं तर व्हरांड्यात बसून मोठ्याने उत्तरं देईल. मी प्रश्न विचारीन. सगळ्या काळेवाडीला ऐकू जाऊ दे.

पद्मा


काळेवाडी,
३ मे १९७९

ती. अप्पांस,

ते पत्र फेब्रुवारीत परत आलं. "प्रतिशब्द"च्या ओळीत लाल खूण होती, "नीट बसा"खाली रेघ होती, आणि "त्याचं नाव अनंत" इथे शाई थांबली. पुढे काही नाही. मी पुन्हा पुन्हा बघितलं. पुढे चुका आहेत, मलासुद्धा दिसतात, तुमच्या नजरेतून सुटणं शक्य नाही. आणि अगदी शेवटी, कोपऱ्यात, आई लिहायची त्या जागी, पेन्सिलने एकच शब्द. "पत्ता?"

मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. म्हटलं, बसू दे उंबऱ्याशी. बघू दे पोस्टमन वळणावरून पुढे जाताना. निष्ठुर म्हणायचं तर म्हणा. तुमचीच मुलगी आहे.

तर निकाल. चित्रा पास झाली.

मार्चमध्ये शालनबाई स्वतः आमच्या घरी आल्या. परात, पीठ, लोखंडी अक्षरं, सगळं पाहिलं. ज्ञ हातात घेऊन कितीतरी वेळ फिरवत बसल्या. म्हणाल्या, "वर्गात बाकीची पुस्तकात शोधत असतात तेव्हा ही शेवटच्या बाकावरून उत्तर देते. मी परीक्षा घेते तिची. तोंडी." मी म्हटलं, गुरुजींचं पत्र आलं? म्हणाल्या, "नाही आलं. माझ्या जबाबदारीवर घेते." हे बोलताना त्यांचा चेहरा लाल झाला होता. मी या वेळी त्यांचा चहा केला आणि त्यांना तो पिऊन जायला लावला.

ऑफिसात दार लावून परीक्षा झाली. इतिहास, भूगोल, गणित, कविता, सगळं तोंडी. वाचनासाठी एक उतारा, फटीचं कार्ड, आणि हवा तेवढा वेळ. मी बाहेर व्हरांड्यात आमच्या जुन्या जागेवर बसले होते. आतून एकेक शब्द यायचा, थांबायचा, मागे जायचा, पुन्हा यायचा. घाई कर म्हणून कुणी म्हटलं नाही. उतारा संपला तेव्हा मला कळलं, की मी सतरंजीचं टोक मुठीत धरून पिळून काढलंय. एक मेला निकाल लागला. पाचवीच्या पटावर तिचं नाव आहे, शालनबाईंच्या अक्षरात.

काल शालनबाईंनी निरोप पाठवून बोलावलं. तुमचं पत्र आलंय म्हणाल्या. "माझा शब्द मागे घेतो. मुलीला शिकू द्यावे." एवढंच. उशीर झाला तुम्हाला, अप्पा. आता त्या पत्राची गरज राहिली नव्हती. तरीसुद्धा मी शाळेपासून घरापर्यंत रडत आले, आणि सोजरबाईंना वाटलं, पोरगी नापास झाली.

चित्राला विचारलं, आजोबांना चार ओळी लिहितेस का? म्हणाली, "नाही. ते आले तर ते पद्य म्हणून दाखवीन. कागद न घेता." मी म्हटलं, बरोबर.

आता पत्ता. देते, पण पत्र पाठवायला नाही. तुमचं पाकीट बघून तो ते उघडणारच नाही, आणि उघडलंच तर कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. स्वतः जा. जुन्नरहून पुण्याची एस.टी. चाकणला थांबते. इतकी वर्षं पुण्याला जाता-येता तुम्ही तिथे खिडकीत बसून वर्तमानपत्र वाचलंय. या वेळी उतरा. कांद्याच्या बाजाराच्या अंगाला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडायची पत्र्याची शेड आहे. पाटी नाही. ठिणग्या उडताना दिसतील तिथे जा आणि तो डोळ्यांपुढची काच खाली करीपर्यंत उभे राहा.

मी त्याला सांगितलंय की तुम्ही पत्ता मागितला. ये म्हणाला नाही. नकोही म्हणाला नाही. फडक्याला हात पुसत विचारलं, "अप्पांना चहात साखर चालते का गं अजून?"

काय बोलायचं ते मला विचारू नका. त्याच्याशी तोंडाने बोला, चुकलं तर चुकू दे, तो मार्क कापणार नाही. आणि निघताना लाल पेन घरी ठेवा.

पद्मा